ओहायोतले खापरपणजोबा : एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी माणसाचा माग कसा काढायचा?

रेवा_वूस्टर | ३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. मी लग्न होऊन ओहायोत आले त्याला बरीच वर्षं झाली. नवऱ्याचं घराणं इथलंच, वेन काऊंटीतलं, पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी. मागच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. त्यांच्या सामानात एक जाडजूड जर्मन बायबल निघालं. अशा बायबलांत घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवायला मध्ये कोरी पानं बांधलेली असत. ह्यातली ती पानं कुणीतरी पात्याने व्यवस्थित कापून घेतली आहेत. बायबलात एक फोटोही होता. गणवेशातला दाढीवाला तरुण, मागे काहीच लिहिलेलं नाही.

घरात सांगतात ते एवढंच : नवऱ्याचे खापरपणजोबा लहानपणी आईवडिलांबरोबर जर्मनीहून आले, न्यूयॉर्कच्या एलिस आयलंडवर, म्हणजे परदेशातून येणाऱ्यांना तपासायच्या ठाण्यावर, कारकुनाने म्युलरचं मिलर करून टाकलं, अमेरिकेच्या यादवी युद्धात लिंकनच्या फौजेत लढले, नंतर शेती केली. बायकोचं नाव मेरी. तिचं माहेर कुणालाच ठाऊक नाही. (आजोबांना इथे जॉन मिलर म्हणू या. खरं नावही इतकंच सर्रास आढळणारं आहे.)

माझ्या माहेरी छापील कुलवृत्तांत आहे. मुलांना आईकडच्या चौदा पिढ्या बोट ठेवून वाचता येतात, वडिलांकडे दोन पिढ्यांनंतर सगळं कोरं. मला ते भरून काढायचं आहे. नुसती सनावळी नको. हा माणूस कसा जगला, त्याच्या घरात कोण कोण होतं ते हवंय. सुरुवात कुठून करू?

मीठभाकर | ३ फेब्रुवारी

ओहायोत जॉन मिलर शोधायचे म्हणजे साताऱ्यात जाऊन "शिंदे कुठे राहतात हो?" विचारायचं. पण धागा झकास आहे. खुर्ची टाकून बसलोय.

दप्तरदार | ३ फेब्रुवारी

रेवाताई, आधी एलिस आयलंडची गोष्ट बाजूला ठेवा. ते ठाणं १ जानेवारी १८९२ रोजी उघडलं. १८६०च्या दशकात लढलेला माणूस तिथून लहानपणी येणं शक्यच नाही. न्यूयॉर्कला त्याआधी १८५५ पासून कॅसल गार्डन होतं, आणि त्याच्याही आधी माणसं थेट धक्क्यावर उतरत. नाव बदलल्याची कथा तर अमेरिकेत घरोघरी ऐकू येते. प्रवाशांच्या याद्या जहाजाच्या लोकांनी केलेल्या असत, एलिस आयलंडचे अधिकारी त्या यादीवरूनच माणसं तपासत. म्युलरचा मिलर झाला तो शेजारी, शाळामास्तर आणि कोर्टातल्या कारकुनाच्या तोंडी, हळूहळू, आणि बऱ्याचदा त्या माणसाच्याच मर्जीने.

आता पद्धत. हयात माणसापासून निघायचं आणि एकेक पिढी मागे जायचं. एकदम १८६०वर उडी मारलीत तर भलत्याच जॉन मिलरच्या घरात शिराल. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोला, आजच. कागद कुठे जात नाहीत.

मग जनगणना. अमेरिकेत १७९०पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८४०पर्यंत फक्त घरच्या कर्त्याचं नाव, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८५०पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव येतं. "स्वतंत्र" हा शब्द मुद्दाम लिहिला, गुलामांना त्यात नाव नव्हतं. १८८०पासून कर्त्याशी नातं काय आणि आईबाप कुठे जन्मले तेही लिहू लागले. १९०० साली जन्माचा महिना आणि वर्ष, लग्नाला किती वर्षं झाली आणि परदेशातून कधी आला हेही. हे सगळं फॅमिलीसर्चवर फुकट बघायला मिळतं. ते मॉर्मन चर्चने चालवलेलं संकेतस्थळ आहे, धर्म कुणी विचारत नाही.

एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. आपलं घर सापडलं की त्या पानावरची मागची-पुढची दहा-दहा घरंही उतरवून ठेवायची. त्या काळी माणसं एकेकटी सरकत नव्हती. सासुरवाडी, भाऊबंद, गाववाले बांधाला बांध लावून राहत.

खानदेशी | ४ फेब्रुवारी

ह्या याद्या अशा कुणालाही बघता येतात? आपल्याकडे तर जनगणनेत कुणाचं नाव काय लिहिलं ते कधीच उघड होत नाही.

दप्तरदार | ४ फेब्रुवारी

तिथे ७२ वर्षांनी खुल्या होतात. १९५०ची १ एप्रिल २०२२ला खुली झाली. त्यामुळे रेवाताईंना अगदी सासऱ्यांच्या बालपणापासून साखळी जोडत मागे जाता येईल.

सायली_शिकागो | ४ फेब्रुवारी

एक खड्डा आधीच सांगते म्हणजे तिथे धडपडणार नाही. १८९०ची जनगणना जवळजवळ संपूर्ण गेली. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. काही जळलं, बरंच बंबाच्या पाण्याने भिजलं आणि उरलेलं दप्तर पुढे सरकारनेच निकालात काढलं. १८८० ते १९०० ही वीस वर्षं म्हणजे निम्म्या अमेरिकेच्या घराण्यांतलं भगदाड आहे. मुलं मोठी होऊन पांगली, लेकींची लग्नं होऊन आडनावं बदलली, आणि नेमकी तीच वर्षं नाहीत.

पण तुमच्या बाबतीत एक चांगली गोष्ट. त्याच साली युद्धातल्या हयात सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी केली होती. ती केंटकीच्या अर्ध्यापासून पुढच्या, इंग्रजी वर्णक्रमाने येणाऱ्या राज्यांची बरीचशी शिल्लक आहे. ओहायो त्यात येतं! तुकडी, रेजिमेंट, भरती आणि सुटकेच्या तारखा, दुखापत, सगळं असतं. शंभर जॉन मिलरांतून आपला वेगळा काढायला रेजिमेंटच्या आकड्यासारखं दुसरं काही नाही.

निषाद | ४ फेब्रुवारी

जरा वेगळं मत मांडतो, राग नसावा. ह्या शेतकरी घराण्यांची गोष्ट "आजोबा आले, जंगल तोडलं, घर बांधलं" अशीच सांगितली जाते. ती जमीन रिकामी नव्हती. ओहायोचा दक्षिण आणि पूर्वेचा मोठा भाग १७९५च्या ग्रीनव्हिलच्या तहाने मूळ रहिवाशांकडून घेतला गेला. वायंडॉट हे ओहायोतून हुसकावलेले शेवटचे लोक, ते १८४३ मध्ये अप्पर सँडस्कीहून निघाले. म्हणजे तुमचे जॉन मिलर लहानपणी आले त्याच सुमाराला. वंशावळ लिहिणार असाल तर मुलांना हेही सांगा एवढंच म्हणणं.

रेवा_वूस्टर | ५ फेब्रुवारी

निषाद, राग कसला? हे मी लिहीनच. मुलांच्या शाळेत १७९५चा तह पाठ करून घेतात, तो आपल्या शेताच्या सातबाऱ्याशी जोडून कुणी सांगत नाही.

आता प्रगती. नवऱ्याची चुलतआत्या नव्वदीला टेकली आहे. शनिवारी तिच्याकडे गेले. तिने फोटो बघताक्षणी म्हटलं, "हा जॉनच. आणि ती मेरी त्याची दुसरी." पुढे विचारलं तर तिला एवढंच आठवतं, तिची आजी असं म्हणायची.

१८८०ची जनगणना मिळाली. जॉन, मेरी, सहा मुलं. सगळ्यात मोठी मुलगी सोळाची, तिच्या पाठचा मुलगा अकराचा. मधे पाच वर्षांचं अंतर. आणि १९००मध्ये मेरी विधवा, धाकट्या दोन मुलांबरोबर. त्यात एक रकाना आहे, तो मला ठाऊक नव्हता. किती मुलांना जन्म दिला : नऊ. त्यातली हयात किती : पाच.

मीठभाकर | ५ फेब्रुवारी

नऊ आणि पाच. पुढचं वाचायला जरा वेळ लागला.

शैला_आजगावकर | ५ फेब्रुवारी

तो रकाना मीही बघितला आहे, माझ्या विहीणबाईंच्या घराण्याचं शोधताना. सरकारने दारात येऊन बाईला विचारायचं आणि तिने शेजाऱ्यांदेखत दोन आकडे सांगायचे. १९०० आणि १९१०, दोन्ही वेळा विचारलं. एका बाईने १९००मध्ये "सात, सहा" सांगितलं होतं आणि १९१०मध्ये "सात, तीन". मधल्या दहा वर्षांत तिच्या घरात काय झालं असेल ते मी गावातल्या वर्तमानपत्रातून शोधलं, घटसर्पाची साथ होती.

मेरीची चार गेलेली मुलं शोधा, रेवा. दफनभूमीत छोटे दगड असतील. ओहायोत १८६७पासून जन्ममृत्यूची नोंद काऊंटीच्या प्रोबेट कोर्टात होत असे, सगळ्यांची झाली नाही, पण बघा. शिवाय १८५० ते १८८० दर जनगणनेबरोबर मागच्या बारा महिन्यांत मेलेल्यांची वेगळी यादी व्हायची, नाव, वय, कारण. ज्यांना कुणी वंशज नाही त्यांना आठवणारं दुसरं कोण आहे?

अटलांटाची_सुमा | ६ फेब्रुवारी

शैलाताई +१.

माझे यजमान आफ्रिकन-अमेरिकन आहेत, त्यामुळे आमच्याकडे हा प्रवास १८७०ला भिंतीवर आदळतो. गुलामीतून सुटलेल्या लोकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा आली ती १८७०ला. त्याआधी १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्या आहेत, पण त्यात मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग. नाव नाही. आजेसासऱ्यांच्या आजीला मी अशा एका यादीत "स्त्री, ११" ह्या ओळीत बघते. तीच आहे असं खात्रीने सांगता येत नाही, पण तिच्या वयाची दुसरी कुणी त्या मालकाकडे नव्हती.

मिशेल ओबामांच्या खापरपणजोबांच्या आईचा शोध ज्यांनी लावला त्यांनी हाच रस्ता धरला होता. मेल्विनिया तिचं नाव. दक्षिण कॅरोलायनातल्या मालकाच्या मृत्यूनंतर इस्टेटीची यादी झाली, त्यात ही लहान मुलगी ४७५ डॉलर किमतीची म्हणून नोंदलेली आहे. पुढे जॉर्जियात पाठवली गेली, तिथे एका गोऱ्या माणसापासून तिला डॉल्फस नावाचा मुलगा झाला. तो बर्मिंगहॅमला सुतार म्हणून नावारूपाला आला. मेल्विनिया वारली १९३८ मध्ये. मृत्यूच्या दाखल्यावर आईवडिलांच्या नावापुढे "माहीत नाही" असं लिहिलंय. आमच्याकडे मालकाचं मृत्युपत्र, इस्टेटीची यादी, कर्जाचे गहाणखत हेच आमचे कुलवृत्तांत. आपल्या माणसाचं नाव सापडतं ते बैल आणि नांगराच्या मधल्या ओळीत.

तेव्हा ज्यांना नावासकट घर मिळतंय त्यांनी ते नीट, सावकाश वाचावं.

(ज्यांना असंच शोधायचं आहे त्यांच्यासाठी : गुलामीतून सुटलेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे, म्हणजे फ्रीडमेन्स ब्युरोचे, १८६५ ते १८७२चे कागद आणि फ्रीडमन्स बँकेची खाती बघा. बँकेने खातं उघडताना आईवडील, भावंडं, जुना मालक अशी माहिती लिहून घेतली होती.)

खानदेशी | ६ फेब्रुवारी

सुमाताई, फार मोलाचा प्रतिसाद.

रेवाताई, मी शेतकरी, म्हणून शेतीचं विचारतो. जॉनकडे जमीन किती होती, काय पिकवायचा, गुरं किती?

दप्तरदार | ६ फेब्रुवारी

खानदेशींनी दुखरी नस पकडली. १८५० ते १८८० जनगणनेबरोबर शेतीची वेगळी पत्रकं भरली जात. पिकाखालची जमीन, पडीक, घोडे, दुभत्या गाई, मेंढ्या, डुकरं, किती बुशेल गहू, किती मका, किती पौंड लोकर आणि वर्षभरात घरात किती पौंड लोणी काढलं. लोणी बायका काढत. त्यामुळे एका अर्थी मेरीच्या हातच्या कामाचा हिशोब आहे तो.

रेवा_वूस्टर | ८ फेब्रुवारी

मिळालं! १८८०चं पत्रक : ६२ एकर पिकाखाली, तीन घोडे, पाच दुभत्या गाई, आणि लोणी ४०० पौंड. सहा मुलं सांभाळून. मुलीने कॅल्क्युलेटर घेऊन आठवड्याचं गणित केलं आणि म्हणाली, "आई, दर आठवड्याला जवळजवळ आठ पौंड!" खापरपणजोबा लढाईवर गेले होते ह्याचं तिला तितकं अप्रूप नाही जितकं ह्या लोण्याचं.

नगरकर | ८ फेब्रुवारी

अवांतर करतो. ह्याच शतकातली काही अमेरिकन माणसं आपल्याकडे पुरली गेली आहेत आणि त्यांचे वंशज, नातलग तिकडून चौकशी करत येतात. अमेरिकन मराठी मिशनचा गॉर्डन हॉल १८१३ मध्ये मुंबईत आला, १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेला. सिंथिया फरार ही अविवाहित शिक्षिका १८२७ मध्ये मुंबईला आली, नंतर नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारली. जोतीराव फुल्यांनी तिच्या शाळा पाहिल्या होत्या. अशा माणसाचा माग काढायचा तर अर्धे कागद हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात, मिशनच्या पत्रव्यवहारात, आणि अर्धे इकडे. १८४२ पासूनच्या "ज्ञानोदय"चे जुने अंक त्यासाठी सोन्यासारखे आहेत.

शैला_आजगावकर | ८ फेब्रुवारी

आणि उलट दिशेला आपली आनंदीबाई. तिच्या अस्थी न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीला, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत. रोझेलच्या थिओडोसिया कार्पेंटर बाईंनी तिला घरची लेक मानलं होतं. त्या घराण्याची वंशावळ उद्या कुणी लिहिली तर त्यात एका जोशीबाईंचं नाव आलंच पाहिजे.

चिकू | ९ फेब्रुवारी

एवढं कशाला करायचं, लाळेची डीएनए चाचणी करा, सगळे चुलतभाऊ आपोआप समोर येतील. शिवाय अँसेस्ट्री ह्या संकेतस्थळावर कुणीतरी मांडलेलं वंशावळीचं तयार झाड असेलच, ते उतरवून घ्या.

दप्तरदार | ९ फेब्रुवारी

चिकू, दोन्हीला माझा विरोध आहे. दुसऱ्याला आधी.

तयार झाडं किती धोक्याची ह्याला ॲनी मूर पुरे. एलिस आयलंडवर पहिल्या दिवशी पहिली उतरलेली आयरिश मुलगी. कित्येक वर्षं सगळे सांगत होते की ती टेक्सासला गेली आणि १९२३ मध्ये फोर्ट वर्थजवळ ट्रामखाली मेली. पुस्तकांत छापलं गेलं, समारंभ झाले. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक ह्या संशोधिकेने दाखवलं की टेक्सासवाली ॲनी इलिनॉयमध्ये जन्मलेली, ती कधी जहाजातून आलीच नव्हती. खरी ॲनी मॅनहॅटनच्या गरीब वस्तीतच राहिली, तिथेच लग्न केलं, तिची बरीच मुलं लहानपणीच गेली आणि ती स्वतः १९२४ मध्ये वारली. क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या थडग्यावर दगडसुद्धा नव्हता, तो २००८ मध्ये बसवला. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. ॲनी मूरचं असं होतं तर जॉन मिलरचं काय होईल?

सायली_शिकागो | ९ फेब्रुवारी

लाळेच्या चाचणीबद्दल मी थोडी चिकूच्या बाजूने. मेल्विनियाच्या बाबतीतही मुलाचा बाप कोण ह्याचा उलगडा शेवटी आजच्या वंशजांच्या डीएनएवरूनच झाला, कागदांत तो कधी मिळाला नसता. पण मुलांची चाचणी करू नका, त्यांना मोठं होऊन स्वतः ठरवू दे. करायचीच तर त्या आत्याबाईंची, त्यांची हरकत नसेल तर. दोन पिढ्या वरची असल्यामुळे त्यांच्यात जॉनचा वाटा मुलांपेक्षा कितीतरी जास्त.

निषाद | ९ फेब्रुवारी

आणि हेही लक्षात असू द्या की तो डेटा फक्त चुलतभाऊ शोधायलाच वापरला जातो असं नाही. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात जुन्या खुनांचा आरोपी पकडला तो नातलगांनी वंशावळीच्या हौसेने जीईडीमॅच ह्या डीएनए जुळवणाऱ्या संकेतस्थळावर टाकलेल्या माहितीवरून. गुन्हेगार सापडला हे चांगलंच झालं. पण एकाने लाळ दिली की अख्ख्या भावकीची संमती गृहीत धरली जाते.

दप्तरदार | १० फेब्रुवारी

रेवाताईंच्या मूळ प्रश्नाकडे येतो. आत्याबाई म्हणाल्या "दुसरी", आणि पहिल्या दोन मुलांत पाच वर्षांचं अंतर. दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात. ह्याचं उत्तर मिळायची सगळ्यात जास्त शक्यता पेन्शनच्या फाइलीत आहे.

युद्धातल्या सैनिकांना आणि विधवांना अमेरिकेने पेन्शन दिलं. १८९०च्या कायद्याने तर युद्धाशी संबंध नसलेल्या आजारपणालाही. विधवेला महिना आठ डॉलर आणि सोळा वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे दोन डॉलर. ह्या आठ डॉलरांसाठी बाईला सिद्ध करावं लागे की लग्न खरंच झालं होतं, आधीची कुणी बायको हयात नाही आणि मुलं त्याचीच आहेत. म्हणून त्यात लग्नाला हजर असलेल्यांच्या जबान्या, सुईणीची साक्ष, शेजाऱ्यांची शपथपत्रं, डॉक्टरचे तपशील असं सगळं जमा होई. बायबलातली पानंही लोक पुरावा म्हणून पाठवत. तुमची कापलेली पानं अशी गेली असतील, नसतीलही.

आणखी एक. पेन्शन घेणाऱ्या सैनिकांना १८९८ मध्ये एक छापील प्रश्नावली गेली होती. बायकोचं माहेरचं नाव, लग्न कुठे, कधी, कुणी लावलं, आधी लग्न झालं होतं का, असल्यास ती कधी आणि कुठे वारली, मुलांची नावं आणि जन्मतारखा. जॉन तेव्हा हयात असतील तर ते त्यांच्याच तोंडचं उत्तर आहे. फायली वॉशिंग्टनला राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आधी निर्देशांकाच्या कार्डावर रेजिमेंट आणि विधवेचं नाव जुळवा, मग प्रत मागवा. थोडे पैसे पडतात आणि वाट बघावी लागते.

वृंदा_ठाणे | ११ फेब्रुवारी

मेरीचं माहेर सापडत नाही हे वाचून माझी पणजी आठवली. आमच्या कुलवृत्तांतात पणजोबांपुढे त्यांची मुंज, नोकरी, घर, काशीयात्रा आहे. पणजीपुढे सासरी ठेवलेलं नाव आणि "तीन पुत्र". माहेरचं नाव, आडनाव, गाव काही नाही. अमेरिकेत निदान मेरी ही मेरीच राहिली. रेवा, तुझी मेरी सापडली की मीही माझ्या पणजीच्या मागे लागणार आहे.

मीठभाकर | २ मार्च

रेवाताई, फाइल आली का? रोज धागा उघडून बघतोय, घरचे विचारतात कुणाचं पत्र यायचंय.

रेवा_वूस्टर | १९ एप्रिल

आली! लांबलचक लिहिते, माफ करा.

१८९०च्या यादीतून रेजिमेंट मिळालं होतं, त्यामुळे माणूस तोच ह्यात शंका नाही. भरतीच्या कागदावर : जन्म वुर्टेम्बर्ग, डोळे करडे, धंदा शेतमजूर. युद्धानंतर आयुष्यभर संधिवात आणि पोटाचा त्रास. डॉक्टर दर तपासणीला लिहितो की हा माणूस नांगर धरू शकत नाही. म्हणजे ते ६२ एकर कुणी नांगरले? मुलांनी आणि मेरीने.

दप्तरदार, १८९८ची प्रश्नावली आहे, सगळी उत्तरं भरलेली, खाली त्यांची थरथरती सही. मेरीचं माहेरचं आडनाव आहे! आणि आधीच्या लग्नापुढे एका बाईचं नाव, "१८६४ साली वारली, मी फौजेत असताना".

ते वाचून मी १८७०चं पान परत काढलं, दहा-दहा घरं उतरवून ठेवली होती ते. १८७०मध्ये मोठी मुलगी जॉनच्या घरात नाही. त्याच पानावर दोन घरं सोडून एक विधवा राहते, आडनाव पहिल्या बायकोचं, आणि तिच्याकडे सहा वर्षांची मिलर मुलगी. आजीने वाढवली पोर. १८८०ला ती परत बापाच्या घरी, कारण आजी नाही. आईविना, बाप लढाईवर असताना जन्मलेलं ते मूल वाचलं ते दोन घरं पलीकडच्या आजीमुळे, आणि हे कुठल्याही एका कागदावर लिहिलेलं नाही.

मेरीच्या १८९९च्या अर्जात बायबलातली पानं नाहीत. नोटरीने "बायबल समक्ष पाहिले, नोंदी जुन्या व खाडाखोड नसलेल्या आहेत" असं लिहून दोन धाकट्या मुलांच्या जन्मतारखा तेवढ्या उतरवल्या आहेत. म्हणजे १८९९ला पानं जागेवर होती. नंतर कुणी कापली, माहीत नाही. मेरीची सही नाही, फुली आहे, दोन शेजारणींच्या साक्षीने. त्यातली एक साक्ष : "मी तिच्या सात बाळंतपणांना हजर होते."

शैला_आजगावकर | १९ एप्रिल

त्या शेजारणीचंही नाव वंशावळीत लिही ग.

सायली_शिकागो | १९ एप्रिल

१८७०च्या पानाचं वाचून अंगावर काटा आला. लग्न कुणी लावलं ते दिलंय ना? त्या पाद्रीवरून चर्च शोधा. जर्मन लुथरन किंवा रिफॉर्म्ड चर्चच्या वह्यांत कधीकधी वरवधूचं मूळ गाव लिहिलेलं असतं. वुर्टेम्बर्ग म्हणजे अख्खं राज्य झालं, गाव हवं.

रेवा_वूस्टर | ६ मे

पाद्री सापडला, चर्चही. वूस्टरपासून अर्ध्या तासावर. वही त्यांनी बघू दिली, फोटो काढू दिले. पण जुनी जर्मन लिपी आहे, मला एक अक्षर लागत नाही. मोडीपेक्षाही गिचमिड. इथे कुणी वाचतं का?

स्टुटगार्टचा_पाहुणा | ६ मे

मी वाचतो. इथे राहून शिकलो, आमच्या घरमालकीणबाईंच्या जुन्या पत्रांवर. नुसतं लग्नाचंच नको, त्या वर्षाची आजूबाजूची पानंही पाठवा, लेखनिकाची अक्षरं जुळवून बघायला लागतात.

गाव मिळालं की पुढचं काम मी इथून करीन. वुर्टेम्बर्गमध्ये १८०८पासून प्रत्येक चर्चला कुटुंबाची नोंदवही सक्तीची होती. एकेका घराला एकेक पान, आईबाप, त्यांचे आईबाप, सगळी मुलं. घर अमेरिकेला गेलं तर तसा शेरा मारलेला असतो. जॉन लहानपणी आले असतील तर त्यांचा बाप्तिस्मा त्या पानावर योहानेस म्हणून असणार.

रेवा_वूस्टर | ७ मे

सगळी पानं पाठवली आहेत, मेरीच्या नऊ मुलांच्या बाप्तिस्म्याची आणि दफनाचीही. आधी दफनाची वाचाल का? ती चार नावं मुलीला हवी आहेत.